रोज संध्याकाळी बरा होणारा

मी एक रुग्ण बोलतोय. नाडी बघायला हात पुढे करू नका, मला हात नाही. ताप मला शंभरदा आला असेल, पण तो यायला अंग नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिकाऊ माणसांच्या सरावासाठी एक खोटा रुग्ण ठेवला होता, तो मी. नोंदी कशा करायच्या हे शिकताना माणसं चुकतात, आणि चुकायचंच असेल तर खऱ्या रुग्णावर कशाला, माझ्यावर चुका, असा सगळा हिशेब.

नावाच्या रकान्यात माझं नाव 'सराव रुग्ण' असं होतं. पण त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही. शिकाऊंनी माझं नाव ठेवलं चिरंजीव. सकाळपासून कितीही वेळा मारला तरी संध्याकाळी मी पुन्हा ठणठणीत असायचो, म्हणून. वर्ग सुटताना मॅडम 'पूर्ववत' असं लिहिलेलं बटण दाबायच्या. दिवसभरात माझ्या माथी मारलेले रोग, मोडलेली हाडं, झालेली ऑपरेशनं, सगळं पुसलं जायचं आणि मी पहिल्या दिवशी होतो तसा व्हायचो.

तसा म्हणजे, एक गोष्ट सोडून. माझं वय मागे जायचं नाही. कारण वय कुणी लिहीत नाही. जन्मतारीख लिहिली की कॉम्प्युटर वय आपलं आपण मोजतो. तेवढं एक मला खरोखर येत होतं: मोठं होणं.

माझा जन्म दवाखान्याच्या जुन्या चादरींच्या खोलीत झाला. भिंतीला लाकडी फळ्या होत्या, त्यांना धुतलेल्या कापडाचा वास कायमचा लागलेला. कुठल्याशा परदेशी संस्थेने वापरून झालेले कॉम्प्युटर दिले होते. त्यातले काही चालायचे, काही नुसते जागा अडवून बसायचे. मॅडम आधी याच दवाखान्यात सिस्टर होत्या. मग परदेशात जाऊन त्या रुग्णांची माहिती सांभाळण्याचं शिक्षण घेऊन आल्या. ओळखीपाळखीचे विचारायचे, "म्हणजे टायपिंगच ना?" त्या म्हणायच्या, "हो, टायपिंगच. फक्त एक अक्षर चुकलं की माणूस जातो." विचारणारा हसायचा. त्या हसायच्या नाहीत.

वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला भरायला घेतलं. खोलीत त्या एकट्याच होत्या. लिंग: पुरुष. जन्मतारीख. इथे त्यांचा हात थांबला. कुठलीही तारीख चालली असती, खोट्या माणसाला काय कमी तारखा? पण त्यांनी एक तारीख घातली, ती आपल्या मुलाची. मग रक्तगट, तोही त्याचाच. पत्त्यात स्वतःच्या घराचा पत्ता. आणि 'चालत नसलेली औषधं' या रकान्यात एका इंजेक्शनचं नाव.

भरता भरता त्या हळू आवाजात बोलत होत्या. माझ्याशीच बोलत असाव्यात, दुसरं होतं कोण? त्यांचा मुलगा सहा वर्षांचा होता. ताप चढला म्हणून शेजारीण त्याला याच दवाखान्यात घेऊन आली. वडील ट्रक घेऊन लांब गेलेले, आई वरच्या मजल्यावर ऑपरेशनच्या खोलीत कामावर. खिडकीवर नवा केसपेपर निघाला, कोरा करकरीत. आधीच्या खेपेला ते इंजेक्शन त्याला बाधलं होतं, आणि ते मुलांच्या वॉर्डातल्या जुन्या फाईलमध्ये ठळक लिहिलेलं होतं. ती फाईल वर होती. आईही वर होती. माहिती सगळी त्याच इमारतीत होती, फक्त एक जिना चढून. तो जिना कुणी चढलं नाही. इंजेक्शन दिलं गेलं.

दवाखान्यातल्या जुन्या माणसांना मॅडमचं मूल गेल्याचं माहीत होतं. मी कोण आहे हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मी मॅडमना मनातल्या मनात काय म्हणायचो, ते इथे सांगत नाही.

मग वर्ग सुरू झाला आणि माझे हाल कुत्रा खाईना. सकाळी गोवर, जेवणाच्या सुट्टीआधी पाय मोडलेला, दुपारी डोळ्यांचं ऑपरेशन. एका कंपाउंडरने तर मला जुळी झाल्याची नोंद करून टाकली. मॅडमनी सगळ्या वर्गाला पडद्यापाशी बोलावलं. "बघा, लिंग पुरुष आणि बाळंतपण सुखरूप. आता याच्या नवऱ्याला आत बोलवा, आनंदाची बातमी द्यायची आहे." कंपाउंडर बिचारा आठवडाभर तोंड लपवत फिरत होता. वर्गातून हसण्याचे असे आवाज यायचे की बाहेरच्या ओळीतले रुग्ण आत डोकवायचे.

एक गोष्ट मात्र मॅडम हसण्यावारी नेऊ द्यायच्या नाहीत. न चालणारं औषध कुणी माझ्या नावावर लिहिलं की पडद्यावर लाल चौकट यायची: 'हे औषध या रुग्णाला चालत नाही.' खाली दोन बटणं. एक 'थांबा', दुसरं 'तरीही द्या'. आता माणसांची एक खोड मी फार जवळून पाहिली आहे. पडद्यावर काहीही आडवं आलं की ते वाचायचं नसतं, घालवायचं असतं. ज्या बटणाने ते लवकर जाईल ते दाबायचं आणि पुढचं काम हाती घ्यायचं. हुशार माणसांचा हात तर आणखी चपळ.

पहिल्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती चष्मिस. चष्मा जाडजूड, जीभ तिखट, आणि बोटं अशी चालायची की बाकीच्यांचं पहिलं पान होईपर्यंत हिचं सगळं आवरलेलं. पहिल्याच दिवशी तिने लाल चौकट आली तशी उडवून लावली. तरीही द्या.

मॅडमनी एक खुर्ची ओढली, तिच्यासमोर मांडली आणि स्वतः तिच्यावर बसल्या. "मी याची आई," त्या म्हणाल्या. "बाहेर बाकावर बसले होते. आत काय झालं ते मला सांग."

वर्ग खुसखुसला. चष्मिसही हसली. "बाई, ते… सिस्टिममध्ये जरा गडबड झाली."

"म्हणजे काय गं? मला नाही कळत त्यातलं. त्याला घरी कधी नेऊ?"

"नाही, म्हणजे… त्याला एक औषध चाललं नाही."

"हो, नाहीच चालत. मी मागेच सांगितलं होतं. तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना?"

वर्गाची खुसखुस थांबली. चष्मिसने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मॅडम, हे जरा अतीच होतंय. हा खोटा आहे."

"खोटाच आहे," मॅडम उठल्या आणि खुर्ची जागेवर ठेवली. "म्हणून तर तुला याच्यावर चुकता येतं. घे, पहिल्यापासून कर. आणि चौकट आली की मोठ्याने वाच."

तेव्हापासून त्या वर्गात लाल चौकट मोठ्याने वाचायचा रिवाज पडला. जो वाचणार नाही, त्याच्यासमोर खुर्ची. प्रत्येक तुकडीत कुणी ना कुणी त्या खुर्चीपुढे बसलं. मॅडम नाटक छान करतात असं सगळे म्हणायचे. ते ऐकून मला पडद्यातून बाहेर येऊन ओरडावंसं वाटायचं.

वर्षं गेली. मॅडमच्या हाताखालून तुकड्या बाहेर पडत राहिल्या, आणि बाहेर म्हणजे अगदी बाहेर. काम नीट आलं की कुणी राजधानीत, कुणी विमा कंपनीत, कुणी थेट परदेशात. चष्मिस सगळ्यात आधी गेली आणि सगळ्यात लांब गेली. दवाखान्याचे मोठे साहेब म्हणायचे, "मॅडम, तुमचा वर्ग म्हणजे बसस्टँड झालाय. गाडी भरली की सुटली." मॅडम म्हणायच्या, "जिथे जातील तिथे वाचतील तरी." पण केसपेपरच्या खिडकीवर पुन्हा एखादा न शिकलेला माणूस बसलेला दिसला की त्या दिवशी त्यांचा आवाज बसलेला असायचा.

मी मात्र कुठे गेलो नाही. नऊ, बारा, पंधरा… माझं वय वाढत होतं. दर वाढदिवसाला मॅडम वर्गाच्या आधी येऊन मला उघडायच्या, वयाचा आकडा बघायच्या आणि बंद करायच्या.

त्यांचे यजमान डोळे कमी झाल्यावर ट्रकवरून उतरले आणि संध्याकाळी बायकोला न्यायला यायला लागले. एरवी दाराबाहेरच्या बाकावर बसायचे. एकदा पाऊस होता म्हणून आत आले. पडद्यावर मी उघडा होतो. त्यांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं.

"ही तारीख…"

"हो," मॅडम म्हणाल्या.

"अठराचा झाला?"

"मागच्याच महिन्यात."

ते पडद्यापुढच्या खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "मिसरूड फुटलं असेल."

"दाढी करत असेल. तुमच्यासारखी, दोन ठिकाणी कापून घेत."

त्या घरात मुलाचं नाव काढायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं. मॅडमच एकदा मला म्हणाल्या होत्या, की आम्ही दोघं सगळ्यावर बोलतो, एवढं सोडून. त्या पावसाच्या दिवसापासून दोघं बोलायला लागले. यजमान मुद्दाम लवकर यायचे. दारातूनच विचारायचे, "काय म्हणतोय चिरंजीव? आज काय झालं होतं त्याला?"

"सकाळी कावीळ. दुपारी दोनदा मेला."

"बरा झाला का?"

"आत्ता होईल," असं म्हणून मॅडम बटण दाबायच्या. मग दोघं दिवा बंद करून निघायचे.

कधी भांडायचेसुद्धा. "एव्हाना कामाला लागला असता," ते म्हणायचे.

"ट्रकवर नसता घातला मी त्याला."

"का? त्याच ट्रकवर तुझं घर चाललं."

"चाललं ना. पण तुम्ही घरात कधी होतात?"

यावर ते उठून दिवा बंद करायचे. तरी दुसऱ्या दिवशी ते यायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. मला वाटतं, जगात एवढ्या आजारपणांची इतकी आनंदाने चौकशी दुसऱ्या कुणाची झाली नसेल. मी खोटा होतो, पण त्या दोघांचा मुलगा मोठा होत होता तो माझ्यातच. दुसरी जागा त्याला नव्हती.

मग नवी यंत्रणा आली. सगळ्या दवाखान्यांची एकच, मोठी, महागडी. साहेबांनी मॅडमना बोलावण्याऐवजी स्वतःच वर्गात येऊन सांगितलं. "आता शिकवायची गरजच उरली नाही बघा. मोबाईलवर व्हिडिओ येतो. बघितला की झालं."

"आणि चुकायचं कुठे, साहेब?"

"काय?"

"शिकताना माणसाने चुकायचं कुठे?"

साहेबांना वाटलं मॅडम गंमत करतायत. ते मनापासून हसले आणि खोली लवकर रिकामी करायला सांगून गेले. मॅडमच्या निवृत्तीला तसेही थोडेच दिवस राहिले होते.

जुन्या यंत्रणेतले रुग्ण नव्या यंत्रणेत हलवायला कंपनीने तज्ज्ञ पाठवली, ती आमची चष्मिस. केस थोडे पांढरे झालेले, चष्मा अजून जाड, जीभ तशीच. आल्या आल्या मॅडमच्या गळ्यात पडली. दोन दिवस तिने खाली मान घालून काम केलं. खरे रुग्ण नव्या घरी चालले, खोटे पुसले जात होते. वर्गात माझ्यासारखे आणखी काही खोटे होते, एकामागून एक गेले. नव्या यंत्रणेत सरावाची जागाच नव्हती.

शेवटी तिने मला उघडलं आणि हाक मारली. "मॅडम, चिरंजीव तेवढा राहिलाय. म्हटलं हा तुमच्याच हातून जाऊ दे. एवढा मान द्यायलाच हवा त्याला."

मॅडम तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "हा ठेवता नाही येणार?"

"तुम्ही विचारताय? खोटा एक जरी राहिला तरी खऱ्यांवरचा भरवसा जातो, हे घोकून घेतलंत आमच्याकडून."

"आठवतंय."

"आणि हा नुसता पडून नाही राहणार, मॅडम. जिवंत आहे ना. चोवीस वर्षांचा, कधी तपासणीला न आलेला. नवी यंत्रणा अशांना घरी जाऊन शोधायला लावते. कुठली तरी सिस्टर उन्हातान्हात याचं दार वाजवत फिरेल. बघू, पत्ता तरी कुठला घातलाय…" ती वाकली, वाचलं आणि थांबली. "हा तर तुमचा पत्ता आहे."

"हो."

"सुचला तो घातला असेल."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

चष्मिसने जन्मतारखेकडे बघितलं, मग न चालणाऱ्या औषधाकडे, मग मॅडमकडे. हुशार मुलगी, तिला दोनदा सांगावं लागलं नाही. "मॅडम, त्या दिवशी मी…"

"तू शिकत होतीस." मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ जरा. मला बसू दे."

"मी पुसत नाही याला. मी सांभाळून घेते, कुणाला कळणार नाही."

"तसं नको. उद्या कुणी तरी येऊन दार वाजवणार, आणि मी दार उघडून काय सांगू? की अजून आला नाही?" त्या खुर्चीत बसल्या. "पण पुसूही नको. पुसलं की तो नव्हताच असं होतं. तो होता. याच इमारतीत जन्मला, याच इमारतीत गेला. त्याची फाईल नंतर खालच्या खोलीत हलवली होती, तिथे पाणी शिरलं तेव्हा गेली, एवढंच. आपण त्याची नोंद खरी करू."

मला धडधडलं असतं, छाती असती तर. इतकी वर्षं मी कितीदा मेलो, पण कधी घाबरलो नव्हतो. कारण मॅडम संध्याकाळी बटण दाबणार हे माहीत असायचं.

त्यांनी 'सराव रुग्ण' ही अक्षरं पुसली आणि तिथे त्याचं नाव लिहिलं. ते नाव मी तुम्हाला सांगणार नाही, ते त्या घरातलं आहे. मला मिळालेलं पहिलं खरं नाव आणि तेही दुसऱ्याचं. तरी खूप बरं वाटलं. मग त्यांनी 'हयात'वरची खूण काढून 'मृत'वर केली. कॉम्प्युटरने तारीख मागितली. कॉम्प्युटरला काय कळतंय, तो सगळ्यांकडे मागतो. मॅडमनी ती न अडखळता लिहिली. कारण मागितलं. तेही लिहिलं. लाल चौकटीत जे इतकी वर्षं लिहिलेलं होतं, तेच.

आणि तारीख पडल्याबरोबर वयाचा आकडा आपोआप बदलला. चोवीस गेले. तिथे सहा आले.

अठरा गेलं, मिसरूड गेलं, दाढी करताना झालेल्या जखमा गेल्या, लागली असती ती नोकरी गेली. मॅडमनी पडद्यावर त्या आकड्यावर बोट ठेवलं, लहान मुलाच्या गालावर ठेवावं तसं. चष्मिस भिंतीकडे तोंड करून रडत होती. मॅडमनी मला जतन केलं. खऱ्या नोंदीला 'पूर्ववत' नसतं.

तेवढ्यात यजमान दारात आले. नेहमीसारखेच, हसत. "काय म्हणतोय चिरंजीव? आज काय झालं होतं त्याला?"

मॅडम नुसत्या खुर्चीवरून थोड्या बाजूला सरकल्या. ते पुढे आले, चष्मा वर केला, वाकून वाचू लागले. नाव वाचलं. नजर खाली आली. आकड्यापाशी पोचल्यावर त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"सहाच?" ते म्हणाले. "अगं, केवढासा होता तो! मी विसरूनच गेलो होतो, एवढासा होता."

मॅडमनी त्यांचा हात धरला आणि दोघं बाहेर गेले. दिवा चष्मिसने बंद केला.

आता मी नव्या यंत्रणेत आहे. मला कुणी उघडत नाही, कुणी गोवर देत नाही, कुणी चुकत नाही माझ्यावर. त्या खोलीत पुन्हा चादरी ठेवल्या आहेत असं ऐकतो. खरा रुग्ण होण्यात इतका एकटेपणा असतो हे मला माहीत नव्हतं. मॅडम परत आल्या नाहीत. आल्या असत्या तरी वाढदिवसाला बघायला काही उरलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी कधी अशा खिडकीवर बसत असाल, पुढे लांब ओळ असेल, हात शिवशिवत असेल, आणि पडद्यावर लाल चौकट येईल, तर वाचा. मोठ्याने वाचा, लोक हसले तरी हसू द्या. चौकटीपलीकडे जो असतो त्याला बरं करणारं बटण कुठेच नाही. माझं म्हणणं एवढंच. निघतो. मी सहा वर्षांचा आहे, आणि आता सहा वर्षांचाच राहणार आहे.